क्री स्त्रियांच्या कातडी पिशव्या आणि साळिंदराच्या काट्यांचं भरतकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडातल्या क्री स्त्रियांनी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात कमावलेल्या कातड्याच्या पिशव्या शिवल्या आणि त्यांवर साळिंदराच्या काट्यांनी भरतकाम केलं. त्यांतल्या कितीतरी पिशव्या आज विनिपेग, एडमंटन, टोरंटो, ऑक्सफर्ड, लंडन, वॉशिंग्टन इथल्या संग्रहालयांत आहेत. त्यांचे फोटो पाहून मराठी वाचक जे प्रश्न विचारतात, ते इथे उत्तरांसह दिले आहेत.

क्री म्हणजे नेमके कोण?

कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या सर्वांत मोठ्या समाजांपैकी एक. क्वेबेकमधल्या जेम्स बेच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला अल्बर्टापर्यंत त्यांच्या वस्त्या आहेत. तीन लाखांहून अधिक लोक आज आपलं मूळ क्री असल्याचं सांगतात. जंगलातले, दलदलीच्या प्रदेशातले, मैदानातले असे त्यांचे गट आहेत आणि प्रत्येकाची बोली, शिकार, कपडे वेगळे. मैदानातले लोक स्वतःला नेहियावक म्हणवतात, जेम्स बेकडचे ईयू. 'रेड इंडियन' हा आपल्याकडे रुळलेला शब्द तिकडे अपमानाचा मानतात, तेव्हा तो टाळावा.

जाता जाता एक गोष्ट, आपल्या लिपीशी संबंध आहे म्हणून. क्री भाषा लिहिण्यासाठी एक अक्षरमाला आहे; तिच्यात एकच खूण फिरवून वेगळ्या दिशेला वळवली की स्वर बदलतो. जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४० च्या सुमारास कॅनडातल्या नॉर्वे हाउस या व्यापारी ठाण्यावर ती छापात आणली. ती घडवताना त्याच्यासमोर लघुलिपी आणि देवनागरी होती, असं बरेच अभ्यासक मानतात. क्री लोकांची मौखिक परंपरा वेगळं सांगते: ही अक्षरं कॉलिंग बॅजर नावाच्या क्री पुरुषाला आत्मलोकातून मिळाली.

हे साळिंदर म्हणजे आपलं सायाळच का?

नाही. आपलं साळिंदर जमिनीवर राहतं, बिळं करतं, आणि त्याचे मोठे काटे वीतभर लांब, जाड, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे असतात. उत्तर अमेरिकेतलं साळिंदर झाडावर चढतं, सालीवर आणि पाल्यावर जगतं. त्याच्या अंगावर सुमारे ३०,००० काटे असतात, पण ते बारीक आणि आखूड. बहुतेक आपल्या बोटापेक्षा लहान. रंग पिवळसर पांढरा, टोक काळपट, आणि त्या टोकाला उलट्या दिशेच्या अतिसूक्ष्म कुसळ्या.

दोन्हींचे काटे केराटिनचे, म्हणजे आपले केस आणि नखं ज्याची बनतात त्याचेच. अमेरिकन काटा आतून भुसभुशीत असतो. भिजवला की मऊ पडतो, दाबला की चपटा होतो, आणि वाळल्यावर दुमडला असेल तसाच राहतो. या एका गुणावर ही सगळी कला उभी आहे.

काटे मिळवण्यासाठी प्राणी मारत असत का?

बऱ्याचदा, हो. साळिंदराचं मांस खाल्लं जाई, त्यामुळे काटे काढणं हा त्याच शिकारीचा पुढचा भाग होता. जनावर न मारता त्याच्यावर घोंगडी टाकायची आणि तिच्यात अडकलेले काटे वेचून घ्यायचे, ही रीतही सांगितली जाते. आजचे कारागीर पुष्कळदा रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या साळिंदराचे काटे काढून घेतात.

काढलेल्या काट्यांची प्रतवारी करणं हे वेळखाऊ काम. शेपटीचे सर्वांत जाड, ते झालरीच्या पट्ट्यांभोवती गुंडाळायला. पाठीचे लांब. मानेचे त्याहून बारीक. पोटाकडचे अगदी नाजूक, ते बारीक रेघांसाठी राखून ठेवायचे. साठवायला जनावराच्या मूत्राशयाची पिशवी वापरत, कारण काटे तिच्यातून टोचून बाहेर येत नाहीत.

काट्याने शिवायचं कसं? तोच सुई म्हणून वापरतात का?

फोटो पाहून बहुतेकांना असंच वाटतं. प्रत्यक्षात काटा कातड्यातून आरपार जातच नाही. तो वरच्या बाजूला राहतो आणि धागा त्याला दाबून धरतो. धागा म्हणजे मूस, कॅरिबू (ही उत्तरेकडची मोठ्या जातींची हरणं) किंवा साध्या हरणाच्या पाठीलगतची कंडरा वाळवून तिच्यातून सोललेला तंतू. भोक पाडायला हाडाची आरी, पुढे व्यापाऱ्यांकडून आलेली लोखंडी आरी आणि सुई.

साधी नागमोडी पट्टी घेऊ. कातड्यावर दोन समांतर रांगांत टाके घालत जायचं. हे टाके कातड्याच्या फक्त वरच्या थरातून जातात, म्हणून पिशवी उलटी केली तर आतून काहीच दिसत नाही. काटा आधी तोंडात धरून ओलावायचा, दातांनी किंवा नखाने चपटा करायचा. एका रांगेतल्या टाक्याखाली त्याचं टोक अडकवायचं, मग तो दुमडून समोरच्या रांगेकडे न्यायचा, तिथल्या टाक्याने बांधायचा, परत दुमडून अलीकडे आणायचा. काटा संपला की नवा काटा जुन्याच्या घडीखाली खोचायचा. गाठ कुठेच नाही. बोटभर लांबीच्या पट्टीत असे कित्येक काटे जातात आणि त्यांचा एकही जोड वरून कळू द्यायचा नसतो.

याशिवाय काट्यांची वेणी घालून शिवणं, कातडी झालरीच्या प्रत्येक धांदोटीभोवती रंगीत काटे गुंडाळणं, एका धाग्याभोवती काटा फिरवत बारीक रेघ काढणं, अशा आणखी पद्धती आहेत.

मागावर विणलेले काटे म्हणजे काय?

माझ्या मते क्री कारागिरीचं शिखर हेच. यासाठी वाकवलेल्या काठीचा लहानसा माग असतो. काठीच्या दोन टोकांमध्ये ताण्याचे धागे खेचून बांधतात आणि ते एकमेकांत गुंतू नयेत म्हणून भूर्जसालीच्या किंवा कातड्याच्या तुकड्याला भोकं पाडून त्यांतून ओवतात. बाण्याचा धागा ताण्यातून जातो. चपटा केलेला काटा ताण्याच्या धाग्यांमधल्या फटीत बसवायचा, बाण्याच्या वरून खालून दुमडायचा आणि ओळ पूर्ण झाली की नखाने किंवा हाडाच्या पट्टीने खाली ठोकून घट्ट करायची.

तयार पट्टीवर काट्याची प्रत्येक घडी एक छोटा फुगीर चौकोन होऊन दिसते. धागा कुठेही दिसत नाही. नक्षी मोजून उभी करावी लागते: चौकटी, पायऱ्या, क्रूस, एकात एक बसलेले शंकरपाळे. पट्टीची उलटी बाजू मात्र काट्यांच्या कापलेल्या टोकांनी खरबरीत असते. रंग बदलायचा तिथे जुना काटा मागे वळवून नवा आत घ्यायचा, आणि डावीकडे आणि उजवीकडे जोड जुळले पाहिजेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात क्री आणि मेती (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) स्त्रियांनी विणलेल्या अशा पट्ट्या पिशव्यांच्या खालच्या भागावर, छर्ऱ्यांच्या बटव्यांच्या पट्ट्यांवर आणि कमरपट्ट्यांवर शिवलेल्या सापडतात. फोटो मोठा करून पाहा. एकाही ओळीत एक घडी कमी-जास्त झालेली पटकन सापडणार नाही.

कातडं कोणतं आणि ते इतकं मऊ कसं?

जंगलाकडे मूस आणि कॅरिबू, मैदानाकडे हरीण, एल्क (मोठ्या जातीचं हरीण), बायसन (गव्यासारखा रानबैल). कातडं कमावण्याची रीत साधारण अशी: आतलं मांस आणि बाहेरचे केस खरवडून काढायचे, जनावराचाच मेंदू पाण्यात कालवून कातड्याला चोळायचा, पिळायचं, आणि वाळेपर्यंत सारखं ताणत राहायचं. ताणणं थांबलं की ते लाकडासारखं कडक होतं, म्हणून हे काम अर्ध्यावर सोडता येत नाही. शेवटी कुजक्या लाकडाचा, ज्वाळा न होणारा धूर द्यायचा. धुरामुळे कातडं भिजून वाळलं तरी मऊ राहतं आणि त्याला फिकट सोनेरीपासून गडद तपकिरीपर्यंत रंग चढतो. दीडशे वर्षांनंतरही संग्रहालयातला खण उघडला की हा धुराचा वास येतो, असं तिथे काम करणारे सांगतात.

काही पिशव्यांचं कातडं मुद्दाम गडद, जवळजवळ काळं रंगवलेलं असतं, म्हणजे पांढरे आणि लाल काटे उठून दिसतात. ही आवड ग्रेट लेक्सच्या परिसरात अधिक दिसते.

रंग कशाचे?

मुळ्या, साली, फळं आणि दगडफूल. एका रानवनस्पतीच्या मुळांपासून लाल, रक्तमूळ नावाच्या वनस्पतीपासून नारिंगी, दगडफुलापासून पिवळा, काही बेरींपासून जांभळट. काटे या काढ्यात उकळत.

व्यापाऱ्यांचं लोकरी कापड आलं तेव्हा स्त्रियांनी त्याचाही उपयोग शोधला: लाल कापडाचे तुकडे काट्यांबरोबर उकळले की कापडातला रंग काट्यांवर चढतो. १८५६ साली पहिला कृत्रिम रंग निघाला आणि पुढच्या काही दशकांत असे झगझगीत रंग व्यापारी ठाण्यांवर मिळू लागले. म्हणून एखाद्या पिशवीवर गुलाबी किंवा जांभळा असा भडक रंग असेल, तर ती १८५६ च्या आधीची असणं कठीण. जुने वनस्पतीजन्य रंग आज बरेच उडालेले आहेत. पिशवीवरची झालर उचलली किंवा घडी उलगडली की जिथे उजेड पोहोचला नाही तिथे मूळ लाल अजून ताजा असतो. फोटोत फिकट बदामी दिसणारी पिशवी एके काळी किती भरदार रंगांची असेल, याचा अंदाज तिथून येतो.

या पिशव्यांत ठेवायचे काय?

सगळ्यांत जास्त सापडतात त्या अग्निपिशव्या. त्यांत गारगोटी, पोलादी चकमक, ठिणगी पटकन धरणारी भूर्जाच्या झाडावरची वाळकी बुरशी, तंबाखू आणि चिलीम. आपल्याकडच्या चंचीत पान, सुपारी, कात, तंबाखू यांना वेगवेगळे कप्पे असतात आणि चंची पुढे करणं हा पाहुणचाराचा भाग असतो. अग्निपिशवीचंही तसंच होतं. ती कमरेला खोचलेली किंवा गळ्यात अडकवलेली असे. बैठकीत ती उघडली जाई, तंबाखू फिरे, बोलणी होत. त्यामुळे ती चारचौघांत दिसणारी वस्तू होती, आणि तिच्यावरचं काम पाहून घरातल्या बाईच्या हाताची पारख होत असे.

अग्निपिशवीचा एक प्रकार इंग्रजीत ऑक्टोपस बॅग म्हणून ओळखला जातो, कारण तिच्या खालच्या कडेला चार जोड्यांनी आठ जिभा लोंबतात. हा घाट क्री आणि मेती लोकांकडून व्यापारी मार्गांनी पार पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ट्लिंगिट लोकांपर्यंत गेला. दुसरा प्रकार म्हणजे सपाट चौकोनी पिशवी, जिच्या खालच्या भागावर मागावर विणलेली काट्यांची पट्टी असते आणि पट्टीखाली काटे गुंडाळलेली झालर. तिसरा छर्ऱ्यांचा बटवा. बंदुकीची दारू शिंगात आणि छर्रे या बटव्यात. झालरीच्या टोकांना कधी कधी पत्र्याचे छोटे शंकू लावतात आणि त्यांत लाल रंगवलेल्या केसांचा झुबका बसवतात. चालताना ते वाजतात.

चिलीम ठेवायच्या काही पिशव्या आणि औषधी-विधींच्या गाठोड्यांतल्या पिशव्या वेगळ्या. त्या पवित्र मानल्या जातात आणि बरीच संग्रहालयं आता त्यांचे फोटो दाखवत नाहीत. ते योग्यच आहे.

या केल्या कोणी? पाटीवर नाव का नसतं?

केल्या स्त्रियांनी. शिकार पुरुषाची असली तरी कातडं कमावण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंतचं सगळं काम बायकांचं. आई, आजी, मावशीकडून मुलीकडे हे हातांनीच गेलं.

नाव नसण्याचं कारण साधं आणि दुखणारं आहे. पिशवी विकत घेणाऱ्या किंवा भेट म्हणून स्वीकारणाऱ्या माणसाने आपल्या वहीत किंमत लिहिली, ठाण्याचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. जिने सहा महिने डोळे मोडून काम केलं तिचं नाव विचारावं असं त्याला वाटलं नाही. संग्रहालयाने मग ती वस्तू आणणाऱ्याच्या नावाने नोंदली. 'अमुक यांचा संग्रह' असं आपण वाचतो तेव्हा तो अमुक कधी सुईला शिवलेलाही नसतो.

ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयातली एक पिशवी या बाबतीत डोळ्यांत भरते. १८४० च्या आसपासची ही पिशवी आहे आणि तिच्यावर 'एस ब्लॅक' अशी अक्षरं आहेत. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचा व्यापारी सॅम्युएल ब्लॅक याच्याशी ती जोडली जाते. करणारी मिश्र वंशाची स्त्री असावी, असं अभ्यासक म्हणतात. तिने त्याचं नाव स्वतःच्या हाताने त्या पिशवीवर काढलं. तिचं नाव कोणीच कुठे काढलं नाही.

आता काही संग्रहालयं 'अज्ञात कलाकार' हा शब्द सोडून 'एके काळी नाव ठाऊक असलेली कलाकार' असं लिहू लागली आहेत. हे शब्दांचे खेळ वाटू शकतात, पण मला ही दुरुस्ती गरजेची वाटते. ती बाई अज्ञात कधीच नव्हती. तिच्या मुलांना, नवऱ्याला, शेजारणींना ती कोण हे पक्कं ठाऊक होतं, आणि तिची पिशवी लांबून पाहिली तरी ओळखणारे लोक होते. चूक नाव न विचारणाऱ्याची. तिची शिक्षा तिला कशासाठी?

पिशव्या युरोपात कशा पोहोचल्या?

मुख्यतः फरच्या, म्हणजे केसाळ कातड्यांच्या व्यापारातून. २ मे १६७० रोजी इंग्लंडच्या राजाने हडसन्स बे कंपनीला सनद दिली. युरोपात बीव्हर या पाणथळ जागी राहणाऱ्या प्राण्याच्या केसांच्या टोप्यांना प्रचंड मागणी होती आणि त्या कातड्यांसाठी कंपनीने हडसनच्या उपसागराच्या काठी ठाणी बांधली. क्री लोक तिचे शिकारी, वाटाडे, अन्न पुरवणारे आणि सासुरवाडीचे नातेवाईक झाले. ठाण्यावरच्या साहेबांना अशा पिशव्या भेट मिळत, ते त्या विकत घेत, करवूनही घेत.

कंपनीचा गव्हर्नर सर जॉर्ज सिम्पसन १८४१ मध्ये लांबच्या प्रवासाला निघाला, तेव्हा त्याचा सचिव एडवर्ड हॉपकिन्स बरोबर होता. त्या प्रवासात जमवलेल्या वस्तू आज पिट रिव्हर्समध्ये आहेत. १८५९-६० मध्ये साउथेस्कचा अर्ल हा स्कॉटिश उमराव मैदानी प्रदेशात हिंडला आणि बरंच काही घेऊन आपल्या किल्ल्यात परतला. दीडशे वर्षांनी, २००६ मध्ये न्यू यॉर्कला त्याचा लिलाव झाला आणि एडमंटनच्या रॉयल अल्बर्टा म्युझियमने त्यातल्या बऱ्याच वस्तू विकत घेऊन अल्बर्टात परत आणल्या. जर्मन संग्राहक आर्थर स्पायर याचा मोठा संग्रह १९७० च्या दशकात कॅनडाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने घेतला. हडसन्स बे कंपनीने स्वतःचा वस्तुसंग्रह १९९४ मध्ये विनिपेगच्या मॅनिटोबा म्युझियमला दिला. २०२५ मध्ये कंपनीची सगळी दुकानं बंद झाली तेव्हा तो निदान सुरक्षित हातांत होता.

सगळंच लुटून नेलं असं म्हणणं चूक ठरेल. स्त्रिया भाव करत, ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी खास काम करत, आणि या कमाईवर घरं चालत. पण १८७० नंतरचं चित्र बदलतं. १८७९ पर्यंत कॅनडाच्या मैदानांतून बायसन जवळजवळ संपले, उपासमार आली, लोकांना राखीव जमिनींवर बसवलं गेलं. १८९५ मध्ये कायद्याने कितीतरी विधींवर बंदी आणली, ती १९५१ पर्यंत टिकली. पोट भरायला आजीची पिशवी विकणं आणि खुशीने आपलं काम विकणं यांत फरक आहे. संग्रहालयाच्या वहीत दोन्हींपुढे एकच शब्द असतो: खरेदी.

पाटीवर 'क्री किंवा मेती' असं मोघम का लिहितात?

कारण खरोखरच सीमा धूसर आहे. मेती म्हणजे क्री, ओजिब्वे अशा समाजांतल्या स्त्रिया आणि फ्रेंच किंवा स्कॉटिश व्यापारी यांच्या कुटुंबांतून उभं राहिलेलं स्वतंत्र राष्ट्र. आई क्री, मुलगी मेती, आणि दोघी एकाच चुलीपाशी बसून एकच काम करताहेत, तर पिशवी कोणाची म्हणायची? शिवाय रेड रिव्हरची वस्ती (आजच्या विनिपेगजवळची) हे मोठं केंद्र होतं. तिथे केलेली पिशवी हजार मैलांवर विकली जाई आणि घेणारा ती जिथे मिळाली तिथलीच असं लिहून ठेवी. मोघम पाटी बऱ्याचदा खोट्या खात्रीच्या पाटीपेक्षा प्रामाणिक असते.

काटे जाऊन काचेचे मणी कसे आले?

व्हेनिस आणि बोहेमियाचे बारीक मणी व्यापारातून आले. ते आधीच रंगलेले, भिजवायचे नाहीत, चपटे करायचे नाहीत, आणि रंग उडत नाही. मग मण्यांनी जागा घेतली यात नवल नाही. नक्षीही बदलली. आधीच्या चौकटी आणि शंकरपाळ्यांच्या जोडीला फुलं, पानं, वळसे घेणाऱ्या वेली आल्या. मिशनच्या शाळांतलं भरतकाम हे त्याचं एक कारण. ग्रे नन्स या कॅथलिक जोगिणी १८४४ मध्ये रेड रिव्हरला पोहोचल्या. मात्र फुलं 'युरोपची नक्कल' होती असं म्हणणाऱ्यांनी ती वेल नीट पाहावी. एकाच देठावर कळी, फूल आणि बी असतं, बारीक मुळं दिसतात, आणि कधी एकाच वेलीवर चार जातींची पानं. रानात वनस्पती वेचत वाढलेल्या बाईची ती नजर आहे.

काटे पूर्ण गेले नाहीत. कित्येक पिशव्यांवर कडेला मणी आणि मध्ये काटे असे दोन्ही आहेत.

प्रत्येक नक्षीला अर्थ असतो का?

एका खुणेचा एकच अर्थ अशी यादी शोधू नये. काही नक्षी स्वप्नातून मिळाल्याचं सांगतात, काही घराण्याच्या होत्या, काही केवळ सुंदर दिसतात म्हणून. उत्तरेकडच्या शिकारी समाजांत एक समजूत नोंदलेली आहे: प्राणी स्वतःहून शिकाऱ्याच्या हाती येतो, आणि शिकाऱ्याने सुंदर सजलेलं असणं हा त्या प्राण्याचा मान आहे. म्हणजे बायकोने केलेलं भरतकाम शिकारीत सामील असतं. इंटरनेटवर 'त्रिकोण म्हणजे तंबू' छापाचे तक्ते फिरतात. त्यांवर विसंबू नका.

फोटोत काटे आहेत की मणी, कसं ओळखू?

मण्याला भोक असतं आणि काचेची चकाकी. प्रत्येक मणी प्रकाशाचा एक ठिपका परत फेकतो. काट्याची चमक मंद, जुन्या रेशमासारखी. पट्टीच्या कडा पाहा: काटा तिथे दुमडलेला दिसतो. तुटलेला भाग शोधा. काटा तुटतो तिथे पोकळ नळी किंवा चपटी साल दिसते आणि खाली नुसता कंडरेचा धागा उरतो. मागावर विणलेली पट्टी मात्र भल्याभल्यांना फसवते आणि जुन्या नोंदींत ती 'मणीकाम' म्हणून चढलेली सापडते.

संग्रहालयं या पिशव्या जपतात कशा?

अंधारात आणि स्थिर दमटपणात. प्रदर्शनात प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंत, म्हणजे अगदी मंद ठेवतात आणि काही महिन्यांनी वस्तू बदलतात. कसर आणि कातडं खाणारे भुंगेरे हे मोठे शत्रू, कारण केराटिन त्यांचं अन्न. आज कीड मारायला वस्तू गोठवतात. पूर्वी आर्सेनिक, पारा आणि नंतर डीडीटी वापरत. हे विष अजून त्या वस्तूंवर आहे. त्यामुळे परत मिळालेली पिशवी आजीच्या जागी हातात घ्यावी, छातीशी धरावी, असं एखाद्या कुटुंबाला वाटलं तर आधी तिची क्ष-किरण तपासणी करावी लागते.

मग या परत द्यायला नकोत का?

काही परत गेल्या आहेत. क्री नेता पाउंडमेकर याला मेती आणि क्री लोकांच्या कॅनडा सरकारशी झालेल्या १८८५ च्या संघर्षानंतर राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाली आणि सुटकेनंतर थोड्याच काळात, १८८६ मध्ये तो वारला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी २०१९ मध्ये त्याला निर्दोष जाहीर करून माफी मागितली. टोरंटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियमने त्याची विधींची चिलीम आणि खोगिराची पिशवी २०२३ मध्ये त्याच्या वंशजांकडे सोपवली.

कायदे विस्कळीत आहेत. अमेरिकेत १९९० पासून देशपातळीवर कायदा आहे. अल्बर्टाने २००० मध्ये पवित्र वस्तूंपुरता केला. संपूर्ण कॅनडासाठी तसा कायदा नाही, मात्र मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीच्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये संग्रहालयांच्या धोरणांचा आढावा घ्यायला सांगितलं आणि २०२२ मध्ये त्यावरचा अहवाल आला. ब्रिटनमधल्या संग्रहालयांवर यातलं काहीच बंधनकारक नाही.

माझं मत विचाराल तर: पवित्र वस्तू आणि दबावाखाली गेलेल्या वस्तू परत गेल्याच पाहिजेत. बाकीच्यांबाबत निर्णय त्या समाजांचा. काही कुटुंबं म्हणतात, पिशवी तिथेच राहू दे, पण आमच्या मुलींना ती हातात घेऊन बघू द्या. २०१० मध्ये पिट रिव्हर्सने ब्लॅकफूट या दुसऱ्या मूळ समाजाचे पाच जुने अंगरखे अल्बर्टाला नेले आणि तिथल्या लोकांना ते हाताळू दिले. क्री पिशव्यांबाबतही असं व्हायला हवं. टाका कसा घातला हे काचेपलीकडून शिकता येत नाही.

हे काम आज कोणी करतं का?

हो. सरकार आणि चर्चने चालवलेल्या निवासी शाळांनी मुलांना घरांपासून तोडलं, भाषा बोलल्याबद्दल मारलं, आणि हात शिकायच्या वयात मुली आजीजवळ नव्हत्या; त्यामुळे काट्यांचं काम बऱ्याच ठिकाणी खंडित झालं. तरी ते पूर्ण थांबलं नाही, आणि गेल्या काही दशकांत पुन्हा वाढलं आहे. आजचे कारागीर संग्रहालयांतल्या जुन्या पिशव्या मोजून, मागची बाजू पाहून तंत्र परत मिळवतात. क्वेबेकमध्ये ओजे-बुगुमू इथे क्री लोकांची स्वतःची सांस्कृतिक संस्था आहे, आनिशाऊकामिक्व. तिथे जुन्या वस्तू आपल्या माणसांच्या देखरेखीखाली आहेत.

आम्ही कॅनडात किंवा इंग्लंडमध्ये राहतो. कुठे पाहता येतील?

टोरंटो आणि मिसिसागाकडच्यांनी रॉयल ओंटारिओ म्युझियम. एडमंटनला रॉयल अल्बर्टा म्युझियम, २०१८ पासून नव्या इमारतीत. विनिपेगला मॅनिटोबा म्युझियम. हडसन्स बे कंपनीचा संग्रह तिथे. ओटावाहून नदी ओलांडली की गॅटिनोला कॅनेडियन म्युझियम ऑफ हिस्टरी. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचं पिट रिव्हर्स आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियम. दालनात नेमकी कोणती पिशवी मांडलेली असेल याची खात्री नसते, म्हणून आधी संकेतस्थळावरचा संग्रह पाहून मगच जा. भारतात बसूनही यांतल्या बऱ्याच संग्रहांचे फोटो ऑनलाइन मिळतात.

आपल्याकडच्या साळिंदराच्या काट्यांवर करून पाहता येईल का?

नाही, आणि प्रयत्नही करू नका. आपले काटे या कामाला फार जाड आणि कडक असतात. शिवाय साळिंदराला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षण आहे. तंत्र समजून घ्यायचं असेल तर चपट्या गवताच्या काड्या किंवा कागदाच्या बारीक पट्ट्या घेऊन नागमोडी दुमड घालून पाहा. नक्षी मात्र स्वतःची काढा. कुणा घराण्याची नक्षी उचलून विकायला ठेवू नका.

संग्रहालयाला पत्र लिहून माहिती विचारली तर उत्तर येतं का?

बहुतेक वेळा येतं, थोडा धीर धरावा लागतो. नोंद क्रमांक द्या आणि प्रश्न नेमका ठेवा. पिशवीची मागची आणि आतली बाजू दाखवणारा फोटो आहे का, हे विचारा. तंत्राबद्दल त्यातून जे कळतं ते समोरून कळत नाही. करणाऱ्या स्त्रीबद्दल काही नोंद आहे का, हेही विचारा. उत्तर 'नाही' असं येईल हे धरून चाला, तरी विचारा. अशी विचारणा वारंवार आली की कोणीतरी जुनी पत्रं, ठाण्यांच्या हिशेबाच्या वह्या आणि चर्चची लग्ननोंद पुन्हा उघडून पाहतं, आणि नाव मिळण्याची शक्यता असते ती त्याच कागदांत.